देवाची माफी आणि गसबाबाची चाल

ढाणकीच्या बाजारात, सुनीलच्या फवारणी पंप दुरुस्तीच्या दुकानात, भर दुपारी तीन पोक्त माणसं भांडत होती. भांडण पंपाचं नव्हतं. देवानं माणसाची माफी मागावी की नाही, याचं होतं.

झालं असं, की गस हॅलोरन नावाच्या शहात्तर वर्षांच्या गोऱ्या रॉकस्टारनं नवं गाणं काढलं होतं. हे तिघं यवतमाळला कॉलेजात होते तेव्हापासूनचे त्याचे भक्त. हॉस्टेलात एकच कॅसेट वाजवून वाजवून तिची फीत त्यांनी पार झिजवली होती. आता गसबाबाचे केस गेले, कवळी आली, पण खोड काही गेली नाही. नव्या व्हिडिओत तो स्वतःच देव झाला होता! अंगात चामड्याचं जाकीट, डोक्यामागं गोल ट्यूबलाइट, आणि हा देव चर्चमध्ये झाडू मारणाऱ्या म्हातारीपुढं गुडघे टेकून म्हणतो, "बाई, चुकलो." जगभर बोंबाबोंब झाली होती. मग ढाणकी कशी मागं राहील?

"मांगितलीच पाह्यजे देवानं माफी," धावजी म्हणाला. तो एसटीचा ड्रायव्हर. "माह्या रूटचा रस्ता पाह्यला काय कधी? मणके ढिले झाले माहे."

"रस्ता काय देवानं बांधला काय बे?" सुनीलनं विचारलं.

"रस्ता ठेकेदारानं बांधला. पन ठेकेदार कोनं घडवला?"

सगळ्यांत जास्त तापला होता अश्वजित. तो हायस्कुलात इंग्रजी शिकवायचा आणि देवबिव मुळीच मानत नव्हता. "पस्तीस वर्षं मले वाटलं, गस आपल्यातला हाय," तो कळवळून म्हणाला. "अन् यानं शेवटी देव दाखवलाच! माफी मांगाले का होईना, देव हाय म्हनूनच मांगते न?"

"अबे, ते भक्ती हाय," सुनील म्हणाला. "जो देव चुकलो म्हनते, त्याच्याच पाया पडावंसं वाटते."

पण हे तो दबक्या आवाजात म्हणाला. कारण मागच्याच गल्लीत किसनराव राहायचे. किसनराव म्हणजे गावच्या खंजिरी भजन मंडळाचे अध्यक्ष, वय अठ्ठ्याहत्तर, आवाज पंचविशीतला आणि राग त्याहून तरणा. त्यांच्या मंडळात सुनील बावीस वर्षं मागच्या रांगेत टाळ कुटत होता. बावीस वर्षांत माणसं सासरे होतात हो! याचा टाळ काही सुटला नाही. यंदा मात्र खंजिरीवाल्या उकंडाचा खांदा धरला आणि तालुक्याच्या स्पर्धेत खंजिरी सुनीलच्या हाती द्यायचं ठरलं. अट एकच: किसनरावांनी लिहिलेल्या नव्या भजनाला त्यानं चाल लावायची, आणि ती कोरी करकरीत पाहिजे. बाकीची मंडळं सर्रास सिनेमाच्या चालीवर भजनं म्हणत. किसनरावांना ते चालत नसे. उसन्या चालीपायी त्यांनी मागं एकाला भर कार्यक्रमातून उठवलं होतं.

त्या संध्याकाळी सुनील हातपाय धुऊन देवापुढं बसला, डोळे मिटले आणि काय सांगावं, एका दमात चाल आली! मोबाइलवर रेकॉर्ड करून त्यानं ती मंडळाच्या ग्रुपवर टाकली. पाच मिनिटांत किसनरावांचा फोन. "सुनील, बाप्पा, हे तुले सुचलं कसं?"

"देवाची कृपा, भाऊ."

चाल चार दिवसांत गावभर झाली. पुष्पा, म्हणजे सुनीलची बायको, ती भाकरी थापताना म्हणू लागली. बाया कापूस वेचताना म्हणू लागल्या. पाचव्या दिवशी धावजी आणि अश्वजित तालीम ऐकायला देवळात आले. पहिलंच कडवं झालं आणि अश्वजितनं सुनीलला खांबामागं ओढलं.

"लेका, हे तर गसचं हाय!"

सुनील हसला. मग त्यानं मनातल्या मनात चाल म्हणून पाहिली आणि त्याचं हसणं जागच्या जागी वाळलं. व्हिडिओ त्यानं चाळीसदा पाहिला होता. पेरलं तेच उगवलं होतं.

"सांगून टाक," धावजी म्हणाला.

"खंजिरी जाईन न बे!"

"मंग सांगू नको," अश्वजित म्हणाला. "किसनभाऊ काय इंग्रजी गाणे ऐकून राह्यले?"

नाही सांगितलं. स्पर्धेत सुनीलनं अशी खंजिरी वाजवली, की पुढच्या रांगेतले म्हातारे गुडघ्यावर ताल धरून डोलू लागले. ढाणकीचा पहिला नंबर आला! सुनीलला इतका आनंद लग्नातही झाला नव्हता. हे पुष्पाला सांगू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बोलावणं आलं. किसनरावांच्या ओसरीवर त्यांची नात खुशी मोबाइल धरून बसली होती आणि मोबाइलमध्ये गसबाबा गुडघे टेकून होता.

"सुनील," किसनराव गरजले, "चोर सापडला!"

"भाऊ, मी सांगतो..."

"तू काय सांगतं? मले दिसते न! या टकल्यानं आपली चाल चोरली!"

"पन भाऊ, त्याचा व्हिडिओ आधी..."

"इकडून तिकडं कोनी नेली असंन. अश्वजित मास्तरले बलाव. याले इंग्रजीतून झाडतो मी."

अश्वजित आला. ज्याला पस्तीस वर्षं पुजलं, त्यालाच त्यानं व्हिडिओखाली लिहिलं: ही चाल ढाणकीच्या भजन मंडळाची आहे, मुकाट्यानं माफी मागा. हजारो शिव्याशापांत ही एक ओळ कोण वाचणार, म्हणून सुनील निर्धास्त झाला.

पण दुसऱ्या सकाळी मंडळ ओसरीवर तालमीला जमलं होतं, ऐकायला धावजी-अश्वजितही होते, तेवढ्यात खुशी ओरडत आली. "आबा, उत्तर आलं!" खुद्द गसच्या खात्यावरून दोन जोडलेले हात आले होते. बाकी अक्षर नाही.

"मांगितली माफी!" किसनरावांनी छाती फुगवली. "मानूस दिलदार हाय. माफ केलं."

आता मात्र सुनीलला राहवेना. आपल्यापायी गसबाबानं हात जोडले! त्यानं खंजिरी किसनरावांपुढं ठेवली आणि भडाभडा सगळं ओकलं. व्हिडिओ, चाळीस वेळा, चाल, सगळं. किसनराव खंजिरीकडं बघत राहिले, मग मोबाइलकडं.

"म्हनजे चुकलो मी?"

मंडळात आजवर किसनराव कधी चुकले नव्हते.

"खुशी," ते हळूच म्हणाले, "ते हात कसे पाठवते? पाठव माह्याकडून दोन. नाई, चार पाठव."

चार हात गेले. तासाभरानं तिकडून आठ आले.

"पाह्य," धावजीनं अश्वजितला कोपर मारलं, "दोन्ही देव माफी मांगून राह्यले."

सुनीलनं वाकून किसनरावांचे पाय धरले. "भाऊ, मी आपला मागं टाळ घेऊन बसतो."

"उठ. खंजिरी उचल," किसनराव म्हणाले. मग खुशी आत गेल्याचं पाहून ते मान खाली घालून सुनीलच्या कानाशी आले. "त्या टकल्याचं आनखी एखादं असं गाणं हाय काय? पुढच्या सालासाठी? आधी विचारून घेऊ त्याले."