बिबटे सरांचा धावण्याचा क्लास

बाळांनो, एका जंगलात बिबटे सरांचा धावण्याचा क्लास होता. हरणांची, सशांची शिकायच्या वयाची सगळी मुलं तिथे जात. धावणं शिकावं तर बिबट्याकडूनच, अशी तिथली पद्धत. फी म्हणून पालक आळीपाळीने सरांना मटणाचा डबा पाठवत. मटण शेजारच्या जंगलातून यायचं, त्यामुळे कुणाला काही वाटत नसे.

मग मंदी आली. शेजारचं जंगल मटणाच्या बदल्यात मोहाची फुलं घेईना. डबा परवडेना. पालकांनी सभा घेऊन क्लास बंद केला. मुलांनी आता आपापलं धावावं, असं ठरलं.

सर आता काय खाणार, हे फक्त दहावीतल्या चंदेरी नावाच्या हरिणीने विचारलं, तेही घरी. आई म्हणाली, "मोठ्यांचं मोठे बघतील. तू अभ्यास कर."

मंदीत मुलांच्या सवयी मात्र बदलल्या. पाकिटातले तळलेले कंद गेले, घरचं गवत आलं. मोबाइलचे रिचार्ज संपले, तशी मुलं अंधार पडताच झोपू लागली. एक कान उघडा ठेवून. आणि धावणं तर इतकं वाढलं, की क्लास चालू असताना कुणी एवढं धावलं नव्हतं. सर अजूनही मागून धावत. शिट्टी तेवढी वाजवत नसत.

चंदेरीची मैत्रीण पिंगट, सशाची गुटगुटीत मुलगी. तिला पहिल्यापासून धावायचा कंटाळा. ती एका मंगळवारपासून दिसेना.

पुढे आरोग्य तपासायला डॉक्टर अस्वले आले. त्यांनी मुलांच्या नाड्या पाहिल्या, पोटऱ्या दाबल्या आणि ते खूश झाले. एकही मूल जाड नव्हतं.

"काका, पिंगटलाही मोजा ना," चंदेरी म्हणाली.

"गैरहजर मुलं आम्ही धरत नाही गं. सरासरी बिघडते."

"ती गैरहजर नाहीये. तिला सरांनी खाल्लं."

डॉक्टरांनी यादीतलं पिंगटचं नाव खोडलं. मग म्हणाले, "म्हणजे सरांचीही तब्येत सुधारली असणार."

सभेने मंदीचे आभार मानले. सर्वांत चपळ मुलीचं बक्षीस चंदेरीला जाहीर झालं. ते सरांच्या हातून घ्यायचं होतं. सर स्टेजवर हार घालून बसले होते.

"जा, पाया पड सरांच्या," आई म्हणाली.

चंदेरी स्टेजकडे गेलीच नाही. उलटी वळली आणि सुसाट पळाली. सरही हार काढून उठले.

पालकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, बघा, आता मुलांना धाव म्हणून सांगावंही लागत नाही.

तात्पर्य: मंदीत मुलांची तब्येत सुधारते. मोजायला जरा उशिरा जावं, एवढंच.