रिकाम्या परिच्छेदाची सुनावणी

रिकाम्या परिच्छेदाने तिसऱ्यांदा सांगितलं की तो जागा सोडणार नाही, आणि हणबरसाहेबांनी तिसऱ्यांदा त्याला चहा विचारला.

“चहाचं राहू द्या साहेब,” परिच्छेद म्हणाला. “माझ्यात काही घातलं की मी मी राहत नाही. मग तुम्ही सुनावणी कुणाची घेणार?”

पुस्तिका विभागाच्या टेबलाभोवती पाच खुर्च्या होत्या. एकीत विभागप्रमुख हणबर, दुसरीत इतिवृत्त लिहिणाऱ्या लोंढेबाई. तिसरीत कार्यालयाचा टेलिफोन सांभाळणारे दशरथ खोत. ते जन्मापासून आंधळे होते आणि त्यांच्याच तक्रारीवरून हे प्रकरण उभं राहिलं होतं. चौथी खुर्ची मोकळी दिसत होती, तिच्यात परिच्छेद बसला होता. पाचवीत मैनाक्का तिकोटकर, वय अठ्ठ्याहत्तर. ती सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती, आणि तिला ओळखणाऱ्यांना हे लक्षण बरं वाटत नव्हतं.

भांडण तसं सरळ होतं. संगणकाला द्यायच्या प्रत्येक आदेशाची एक पुस्तिका असते. नाव, वापर, वर्णन, उदाहरणं, सावधगिरी, ‘हेही पाहा’ आणि सगळ्यात शेवटी दोष, अशा मथळ्यांची. ती साध्या मजकुरात लिहिलेली असते. मैनाक्काने बावीस वर्षांपूर्वी ‘मांडणी’ नावाची आज्ञावली लिहिली होती. ती हा मजकूर घेते आणि छापायचा असेल तर कागदाजोगा, पडद्यावर दाखवायचा असेल तर एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानांच्या भाषेत, बसवून देते. छपाईबद्दल कधी कुणाची तक्रार आली नाही. एचटीएमएलमध्ये मात्र ‘मांडणी’ दोन मथळ्यांच्या मध्ये एकेक रिकामा परिच्छेद ठेवत आली होती. काही ठिकाणी दोन, सावधगिरीच्या आधी तीन. आता हे एचटीएमएल सुधारायचं ठरलं होतं.

सुधारणा बऱ्याच पुढे गेली होती. अक्षराचा रंग आणि आकार सांगणाऱ्या जुन्या खुणा मार्चअखेर निवृत्त झाल्या, त्यांना शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला गेला. नुसता समास सांभाळायला उभे केलेले तक्ते होते, त्यांची बदली आकडेवारी विभागात झाली आणि तिथे ते खूश होते. राहिले रिकामे परिच्छेद. ते होते चार लाखांच्या घरात. प्रतिनिधी निवडायला त्यांना वेळ लागला नाही, कारण सगळे एकसारखेच. एक आत येऊन बसला, बाकीचे जिन्यावर थांबले. जिना मोकळाच दिसत होता, तरी लोंढेबाई सकाळी कठड्याला धरून कडेकडेने वर आल्या.

नियम असा होता की बारा वर्षांहून जास्त काळ पानावर उभ्या असलेल्या घटकाला त्याच्या कर्त्याच्या सहीशिवाय हलवता येत नाही. सही करायची ती सात नंबरच्या नमुन्यावर. त्या नमुन्यात एकच ओळ छापलेली होती, की हा घटक माझ्या चुकीने ठेवला गेला, आणि ती चूक मी पुस्तिकेत ‘दोष’ या मथळ्याखाली नोंदवीत आहे. सुधारित आवृत्ती संध्याकाळी पाचला निघायची होती. सही नाही तर आवृत्ती नाही, आणि पुढची तारीख वर्षाने.

मैनाक्काची गोम इथेच होती. ‘मांडणी’च्या स्वतःच्या पुस्तिकेत दोष हा मथळाच नव्हता. बावीस वर्षांत नव्हता. दुसऱ्यांच्या आज्ञावल्यांचे दोष तिने हौसेने लिहिले होते, एकाचे तर सव्वा पान भरले होते. पण स्वतःच्या पुस्तिकेत ‘हेही पाहा’ संपलं की सरळ तिचं नाव येई. हणबरांच्या आधीचे तीन प्रमुख तिला हा मथळा घाला म्हणून सांगून थकले आणि निवृत्त झाले. एकाने तर म्हटलं होतं की आक्का, दोष सगळ्यांचेच असतात. त्यावर ती म्हणाली होती की असतील, तुम्ही तुमचे लिहा, मी कुठे हात धरलाय.

खोतांची तक्रार लोंढेबाईंनी पुन्हा वाचून दाखवली. खोतांचं यंत्र पान वाचून ऐकवतं आणि जिथे परिच्छेद रिकामा असेल तिथे थांबून ‘रिकामं’ असं म्हणतं. जानेवारीत ते फायली पुसण्याच्या आदेशाची पुस्तिका ऐकत होते. उदाहरणं संपली. यंत्र म्हणालं रिकामं. मग म्हणालं रिकामं. मग पुन्हा म्हणालं रिकामं. पान संपलं असं समजून त्यांनी कानातला इअरफोन काढला आणि आदेश दिला. सावधगिरीचा मथळा तिसऱ्या रिकाम्याच्या पलीकडे होता. कार्यालयाची सहाशे चाळीस टेलिफोन नंबरांची यादी त्या दिवशी गेली. तेव्हापासून खोत आठवणीतून नंबर लावत होते, आणि चारशेच्या वर त्यांना आठवत नव्हते.

“मी कुणाला काही बोललो का?” परिच्छेद म्हणाला. “मी आयुष्यात आवाज केलेला नाही.”

“तू गप्प असतोस रे,” खोत म्हणाले. “पण तुझी वर्दी द्यावी लागते ना. राजा येत नाही आणि चोपदार तीनदा ओरडतो, असं तुझं झालंय.”

परिच्छेदाने यावर बरंच सविस्तर निवेदन केलं. लोंढेबाईंनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि दीड पान कोरं गेलं. साहेबांनी वाचून बरोबर आहे अशी खूण केली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की वाचणाऱ्याला दम घ्यायला जागा लागते आणि ती जागा म्हणजे आपण. हणबरांनी शांतपणे समजावलं की आता दोन मथळ्यांमधलं अंतर सजावटीच्या वेगळ्या फायलीत लिहिलेलं असतं, त्यासाठी कुणी उभं राहायची गरज नाही.

“आणि ती फाइल आलीच नाही तर?”

“येते ती.”

“मंगळवारी आली नव्हती,” परिच्छेद म्हणाला. “मंगळवारी दुपारभर सगळं पान मी एकट्याने धरलं होतं.”

ते खरं होतं. हणबरांनी सात नंबरचा नमुना मैनाक्कापुढे सरकवला. ते म्हणाले की आक्का, तुमची अडचण मला कळते, पण इथे एका सहीचा प्रश्न आहे.

“माझी अडचण तुम्हाला कळत नाही,” मैनाक्का म्हणाली. तिचं दिवसातलं हे पहिलं वाक्य. “तुम्ही शाळेत शिकलात.”

ती चौदाव्या वर्षी छापखान्यात लागली तेव्हा तिला स्वतःच्या नावापलीकडे लिहिता येत नव्हतं. शिशाची अक्षरं जुळवता जुळवता ती वाचायला शिकली, तेही उलटं, कारण खिळ्यावर, म्हणजे शिशाच्या ठशावर, अक्षर उलटं असतं. बी-बियाण्यांच्या जाहिराती जुळवून ती इंग्रजी शिकली. छापखाना बंद पडला तेव्हा मालकाने पगाराच्या जागी दिलेल्या संगणकावर ती बाकीचं शिकली. कुणी शिकवलं असं तिला कुणाचं नाव घेता येत नव्हतं आणि घ्यायची इच्छाही नव्हती. मात्र छापखान्यातली एक गोष्ट तिच्या हाडात उतरली होती. तिथे कोरी जागा म्हणजे काही नसणं नव्हे. दोन ओळींमध्ये अंतर हवं असेल तर तिथे शिशाची पट्टी घालावी लागते, हाताने, मोजून. मथळ्याच्या वर जास्त अंतर हवं तर दोन पट्ट्या, धोक्याची सूचना असेल तर तीन. पट्टी घालायची राहिली आणि पान उचललं, तर सगळी अक्षरं पायावर येतात. तिच्या डाव्या पायाचं एक बोट असंच गेलं होतं, एका लग्नपत्रिकेखाली.

हे तिने टेबलाभोवतीच्यांना सांगितलं, आवाज न चढवता. वर हेही सांगितलं की ज्यांनी कधी पान उचललेलं नाही त्यांनी कोऱ्या जागेबद्दल बोलू नये. चूक केली असती तर सही केली असती. पान पडू नये म्हणून पट्टी घातली, याला चूक म्हणायला जीभ कशी वळते, तेवढं साहेबांनी सांगावं.

परिच्छेद खुर्चीत सावरून बसला. “बघा,” तो म्हणाला. “बाईंनी मला मोजून ठेवलंय.”

आता हणबर काही अगदीच कच्चे नव्हते. ते म्हणाले की बोलण्यात पाच वाजतील, आपण एका पानापुरतं करून पाहू. फायली पुसण्याच्या आदेशाचं तेच पान त्यांनी पडद्यावर आणलं. सावधगिरीच्या आधीच्या तिघांना त्यांनी चाचणीपुरतं बाजूला व्हायची विनंती केली. तिघे जिन्यावरच होते. ते नियमाप्रमाणे लेखी मागून मग बाजूला झाले. हणबरांनी बटण दाबलं.

मैनाक्काचा हात पुढे गेला. ती ठरवून काही करत नव्हती. तळवा वर करून तिने तो पडद्याच्या खालच्या कडेखाली धरला, पानातून निसटलेली अक्षरं झेलायला धरतात तसा, आणि टेबलाखाली पाय मागे ओढून घेतला.

काही पडलं नाही. उदाहरणं जिथल्या तिथे होती. खाली सावधगिरीचा मथळा होता. दोघांच्या मध्ये तेवढंच अंतर, आणि त्या अंतरात कुणी नव्हतं. ती बराच वेळ हात तसाच धरून बसली.

खोतांनी कानातलं लावलं आणि पान ऐकलं. त्यांचा चेहरा सावकाश वर झाला. ते म्हणाले की उदाहरणं संपली आणि लगेच सावधगिरी आली. मग त्यांनी ती मोठ्याने म्हणून दाखवली. पुसलेली फाइल परत मिळत नाही. एवढंच वाक्य होतं ते.

मैनाक्काने हात मांडीवर घेतला. एक गोष्ट तिने कुणाला सांगितलेली नव्हती. आठ वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरकडे बसली असताना तिथल्या पडद्यावर तिला आपलंच एक पान दिसलं होतं. त्यातली भगदाडं दिसली होती. हे पट्ट्यांवाचून उभं राहील की काय, असा विचार तेव्हाच तिच्या मनात येऊन गेला होता. तिने चष्म्याचा नंबर घेतला आणि ती घरी आली. नंबर वाढलेला निघाला होता, त्याने तिला मोठा आधार वाटला होता.

आठ वर्षं. आणि खोतांची यादी जानेवारीत गेली.

“बाई,” परिच्छेद म्हणाला. त्याचा आवाज आता सुनावणीचा नव्हता. “पान माझ्यावाचून उभं राहतं, हे मीही पाहिलं. माझं भांडण मिटलं म्हणा. पण मी जाऊ कुठे? निवृत्त व्हायला मी काही काम केलं होतं असं तरी लागतं. बदली व्हायला दुसरीकडे कुणी मागावं लागतं. मला पुसलं, तर पुसलं हे कळणार कुणाला?”

लोंढेबाईंनी हे लिहिलं आणि अर्धी ओळ कोरी सोडली. मग त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि वेळ टिपून घेतली. चार वाजून छत्तीस मिनिटं.

हणबरांनी नियम उलटसुलट पाहिले. ते म्हणाले की रिकाम्या परिच्छेदाला पानावर राहायचं तर एकच वाट आहे. कर्त्याने त्याला एखाद्या मथळ्याखाली नेमून द्यायला हवं. पण मथळा असा हवा की ज्याखाली दुसरं काही लिहिलेलं नाही. असा मथळा त्यांच्या पाहण्यात कुठल्याही पुस्तिकेत नव्हता. आणि एका मथळ्याखाली एकच जण बसू शकतो, जिन्यावर तर चार लाख उभे.

“त्यांची काळजी नको,” परिच्छेद म्हणाला. “आम्ही एकात एक सगळे मावतो. काही वाढत नाही.”

मैनाक्काने सात नंबरचा नमुना स्वतःकडे ओढला. तो तिने छापखान्यातल्या सवयीने आधी उलटा धरून वाचला, मग सुलटा. पिशवीतून पेन काढलं. ती कधीच दुसऱ्याचं पेन वापरत नसे. सही केली, पूर्ण नावाची, खाली रेघ ओढून. मग तिने ‘मांडणी’ची स्वतःची पुस्तिका पडद्यावर आणायला सांगितली. हणबरांना बाजूला करून ती पुढ्यात बसली आणि पुस्तिकेच्या शेवटी गेली. ‘हेही पाहा’च्या खाली आणि स्वतःच्या नावाच्या वर तिने दोन अक्षरं लिहिली. बावीस वर्षं जी बोटं त्या दोन अक्षरांना वळसा घालून गेली होती, ती आता एका दमात चालली.

दोष.

खोतांनी विचारलं की काय लिहिलं, आणि लोंढेबाईंनी त्यांच्या कानात सांगितलं. खोत म्हणाले की मथळ्याखालचं काय ते यंत्राकडून ऐकतो. त्यांनी कानातलं लावून ठेवलं.

जिन्यावर हालचाल झाली. दार उघडंच होतं. बराच वेळ वाऱ्यासारखं काहीतरी आत येत राहिलं आणि चौथ्या खुर्चीपाशी थांबत राहिलं. मग ते येणं थांबलं. लोंढेबाईंनी उपस्थितांची संख्या पाचच लिहिली, आणि ती बरोबर होती.

परिच्छेद उठला. पडद्यासमोर येऊन तो मथळ्याखाली पाहत उभा राहिला. तिथे बसण्याआधी त्याने मैनाक्काला विचारलं की मी इथे बसलो तर लोक काय समजतील. तुमच्यात दोष नाही असं समजतील, की मीच तो दोष आहे असं?

मैनाक्काने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

“बस खाली,” ती म्हणाली, “माझ्या हातून एकच चूक झाली आणि ती तू आहेस, आता दुसरी सापडेपर्यंत ही जागा तुझी.”