श्रीमंताला कोण हाय?

जगात कुठंही भूकंप झाला की त्याची बातमी आधी टीव्हीवर येते, मग पेपरात येते आणि तिसऱ्या दिवशी माझ्या कुरिअरच्या काउंटरवर येते. काउंटरवर ती गुळाच्या रूपानं येते. गोणपाटात गुंडाळलेला दहा किलोचा रवा, म्हणजे गुळाची अखंड ढेप, धप्पकन वजनकाट्यावर पडतो, काट्याचे आकडे भेदरल्यासारखे पळतात आणि मागून आवाज येतो, "यव्वा, ह्यो अमेरिकेला जाऊ दे."

हा आवाज गुरुपाद अण्णांचा. यव्वा म्हणजे खरं तर आई, पण सीमेकडची माणसं लेकीबाळींनाही तसंच हाक मारतात. अण्णांचं मूळ गाव तिकडचं, कर्नाटकाला खेटून. कोल्हापुरात शाहूपुरीत मात्र त्यांची गुळाची अडत आज्यापासूनची. दुमजली बंगला, पुढं बाग, दारात मोठी गाडी. गाडी दारातच असते, कारण अण्णा सगळीकडं चालत जातात. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरा सदरा आणि सदऱ्याच्या खिशात गुळाचे खडे. भेटेल त्याच्या हातावर एक खडा ठेवायचा आणि 'वर पाणी पी' म्हणून दटावायचं. अण्णा दुकानात येऊन गेले की मागोमाग मुंग्यांची रांग येते. मी मुंग्यांच्या खडूचा डबाच आणून ठेवलाय.

दुसरी खोड म्हणजे नंबर देणं. जन्मभर गुळाचा टवका नखानं काढून, डोळे मिटून चघळून 'एक नंबर' किंवा 'दोन नंबर' सांगितलेला माणूस. ती सवय बाजारात ठेवून घरी जाईल तर शपथ. कोपऱ्यावरचा चहा दोन नंबर. माझा नवरा एक नंबर. माझ्या दुकानाची नवी पाटी तीन नंबर. माझ्या सासूबाईंच्या पुरणाला त्यांनी एकदा डोळे मिटून, बराच विचार करून 'दीड नंबर' दिला. सासूबाई पुढं महिनाभर त्यांच्या बंगल्यावरून न जाता लांबच्या बोळानं भाजीला जात होत्या.

हे सगळं खपवून घेता येतं. पेठेत प्रत्येकाची एक तऱ्हा असतेच. पण अण्णांचं ते परदेशी गुळाचं प्रकरण मात्र कुणालाच झेपत नसे. कारण त्यात एक अट होती. आपत्ती गरीब देशात आली, तर अण्णा चारचौघांसारखे मदतीच्या डब्यात मूठ मोकळी करायचे आणि गप्प बसायचे. श्रीमंत देशात आली, की मात्र स्वतः रवा खांद्यावर घेऊन यायचे. असं का, म्हणून पहिल्यांदा मी विचारलं तेव्हा ते माझ्याकडं, हिला एवढंही कळू नये, अशा नजरेनं बघत म्हणाले, "गरिबाला द्यायला गाव हाय. श्रीमंताला कोण हाय?"

त्या पहिल्या खेपेला अमेरिकेत कुठंतरी आग लागली होती. टीव्हीवर पोहायच्या तलावासकट बंगले जळताना दिसत होते. मी पत्ता विचारला. अण्णा म्हणाले, "जळलेली घरं, अमेरिका." मी म्हटलं, अण्णा, पिन कोड लागतो. तर म्हणाले, "घर जळल्यावर पिन कोड ऱ्हातोय व्हय?" रवा तिथंच ठेवून ते निघून गेले. दर आठवड्याला विचारायचे, गेला का. शेवटी संक्रांत आली तेव्हा स्वतःच म्हणाले, न्हे आता घरला. अमेरिकेच्या वाट्याच्या गुळपोळ्या अशा आमच्या घरी झाल्या.

तुम्हाला वाटेल, माणूस जरा सरकलेला असावा. मलाही वाटलं होतं. मी चंदगडची, लग्न होऊन इथं आले. आमच्याकडं पाऊस एवढा, की माणसं मुळातच कमी बोलतात आणि कामापुरती हसतात. मला हा प्रकार रिकामपणाचा उद्योग वाटायचा. मग महापूर आला आणि मी अण्णांना कामात बघितलं.

अख्खं गाव भाकरी थापत होतं. टेम्पो भरभरून भाकरी आणि चटणी येत होती आणि सगळ्या होड्या सखल गल्ल्यांकडं जात होत्या, ते बरोबरच होतं. अण्णा एका होडीत बसले आणि उलट्या दिशेला, नदीकडच्या मोठ्या बंगल्यांकडं निघाले. किनाऱ्यावरची पोरं हसायला लागली. मी आमच्या गच्चीवरून बघत होते. एकेका गॅलरीखाली होडी थांबवून अण्णा खालून ओरडायचे, "जेवला काय?" वर उभी असलेली माणसं ओशाळायची. व्हय म्हणायला तोंड उघडायची आणि मग तसंच उघडं ठेवायची. एका मोठ्या डॉक्टरांच्या बाईंनी शेवटी दोरीला बादली बांधून खाली सोडली. बादलीत भाकऱ्या पडल्या. ती बादली वर जाताना त्या बाई रडत होत्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. चार दिवसांचं पाणी चढलेल्या घरात, फ्रीज तरंगत असताना, त्यांना आतापर्यंत कुणी जेवलात का म्हणून विचारलंच नव्हतं. तेव्हापासून अण्णांना हसायचं माझ्यानं होईना.

जाधव सरांचं तसं नव्हतं. सर निवृत्त शिक्षक. माझ्या दुकानातला पेपर रोज फुकट वाचतात आणि त्या बदल्यात मला जगाची माहिती देतात. यंदा थंडीत जपानात भूकंप झाला आणि अण्णा रवा घेऊन आले, तेव्हा सरांनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला. आज निकाल लावायचाच, असा त्यांचा रंग दिसला.

सरांचं म्हणणं खोटं नव्हतं. जपानकडं यंत्रं आहेत, विमा आहे, शाळेतल्या पोरांनासुद्धा भूकंपाची तालीम आहे. आपण त्यांच्याकडून कर्ज घेऊन पूल बांधतो आणि तुम्ही त्यांना गूळ पाठवता. इथं डोंगरकडेची घरं दर पावसात खचतात. तिकडं गेलेला प्रत्येक घास हा इथल्या कुणाच्यातरी तोंडचा आहे. मदत गरजेप्रमाणं जायला हवी, ओळखीप्रमाणं किंवा लहरीप्रमाणं नव्हे. मला तर हे सगळं पटलं. चंदगडची घरं मी पावसात बसलेली पाहिलीत.

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. खचलेल्या घरांसाठी त्यांनी केवढी मदत केली होती, ते बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते त्याबद्दल बोलले नाहीत. त्यांनी भलतंच विचारलं. सरांचे मेव्हणे हातकणंगल्याचे, मोठे बागाईतदार. ते वारले, तेव्हा सरांच्या घरातून काय गेलं?

सर म्हणाले, "पिठलं-भाकरी. दुसरं काय जाणार? दुःखाच्या घरात चूल पेटत नाही."

"का? त्येंच्यात पीठ नव्हतं?"

"पीठ होतं की. पोत्यानं होतं."

"मग कशापाय न्हेली?"

"रीत आहे, अण्णा."

"तीच रीत हाय," अण्णा म्हणाले आणि रवा माझ्याकडं सरकवला.

ह्या खेपेला पत्त्याची अडचण नव्हती. कोडोलीची सुप्रिया म्हणून एक मुलगी जपानात म्हाताऱ्यांची देखभाल करायला नोकरीला गेली आहे. तिची आई दर सणाला माझ्याकडूनच तिला चटणी आणि पापड पाठवते. मी तिला फोन लावला. भूकंप झालेला भाग तिच्या गावापासून लांब नव्हता. ती आधी हसली, मग म्हणाली, मावशी, पाठवा, सुट्टीच्या दिवशी मी नेऊन देते. अण्णांनी स्वतः गोणपाट सोडून रवा कोऱ्या कापडात बांधला, खोक्यात घातला. आणि मग सुरू झाला माझा छळ. रोज सकाळी बाजाराला जाताना आणि रोज दुपारी परतताना एकच प्रश्न, पोचला काय? गूळ सोडून दुसऱ्या कशाला नंबर द्यायचंसुद्धा त्यांनी त्या दिवसांत बंद केलं होतं. एवढा जीव त्या खोक्यात अडकला होता.

शेवटी सुप्रियाचा फोन आला तेव्हा दुपार होती. अण्णा समोर उभे होते, सर पेपरामागं होते. मी फोन स्पीकरवर टाकला.

सुप्रिया बसनं त्या गावी गेली होती. घरं पडलेली माणसं एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये राहत होती. तिथं ऊब होती, गरम सूप होतं, ओळीनं अंथरुणं होती, सगळं जिथल्या तिथं. दारावरच्या लोकांनी दोनदा वाकून तिची माफी मागितली आणि सांगितलं, बाहेरचं खाणं आम्हाला आत घेता येत नाही. सरांच्या पेपराचं एक टोक खाली आलं. मी अण्णांकडं बघायचं टाळलं.

पण दाराशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, ती पुढं सांगू लागली. त्यांनी विचारलं, हे काय आहे? तिनं सांगितलं, माझ्या गावाकडं एक व्यापारी आहेत, तुमची घरं पडली म्हणून त्यांनी पाठवलंय. त्यांनी खोकं मांडीवर घेतलं. कापडावर दोन्ही हात ठेवून बराच वेळ बसले. मग तिच्याकडून एक खडा फोडून मागितला आणि खाल्ला.

"वर पाणी प्याला न्हवं?" अण्णांनी फोनकडं वाकून विचारलं.

"प्यायले, अण्णा. मीच दिलं."

"मग झालं," अण्णा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून एखादं पोतं उतरवून ठेवावं तसं काहीतरी उतरलं.

सुप्रिया जरा घुटमळली. म्हणाली, त्या आजोबांनी एक विचारलंय. त्यांची बायको पडलेल्या घराखाली गेली. ते म्हणाले, हे पाठवणाऱ्यांच्या घरीही कुणी गेलंय का? "मला माहीत नव्हतं, मावशी. काय सांगू त्यांना?"

सरांनी पेपर पूर्ण खाली ठेवला. अण्णा खिशातल्या गुळाच्या खड्यांशी चाळा करत उभे राहिले. मग म्हणाले, "सांग त्येला. व्हय म्हणून."

फोन बंद झाल्यावर त्यांनी सांगितलं, ते मला आणि सरांना की नुसतंच काउंटरला, मला सांगता यायचं नाही. त्यांच्या पत्नी पारूआक्का गेल्या, त्याला बरीच वर्षं झाली. मी कोल्हापुरात यायच्या आधीची गोष्ट. मूलबाळ नव्हतं. पार कोपऱ्यापर्यंत गाड्या लागल्या होत्या. पुढारी आले, व्यापारी आले, हार एवढे आले की ठेवायला जागा नाही. जो तो जाताना म्हणाला, काय लागलं तर सांगा. संध्याकाळी सगळे गेले.

"गाड्या लई आल्या, यव्वा," अण्णा म्हणाले. "भाकरी एक न्हाय आली. ह्येंच्यात काय कमी हाय, स्वैपाकीण हाय, असं समद्यांला वाटलं. स्वैपाकीण आक्काचं बघून घाबरून गावाला गेलती. मी दाराकडं बघत बसलतो. मग दुकानातला नमुन्याचा खडा खाल्ला आन वर पाणी प्यालो."

सर हळूच म्हणाले, समोर हॉटेल होतं की हो.

"हाटेलात भाकरी मिळती, सर. कुणी आणल्याली न्हाय मिळत."

एवढं बोलून ते नेहमीसारखे चालत बाजाराला गेले. मी त्यांच्या पाठमोऱ्या सदऱ्याकडं बघत राहिले. ज्या दिवशी स्वतःच्या दाराशी कुणी आलं नाही, त्या दिवसाचा राग न धरता हा माणूस जगभरच्या दारांशी जायला निघाला होता. एवढं मोठं मन मी जवळून कधी पाहिलं नव्हतं. आणि सातासमुद्रापलीकडचा एक म्हातारा गुळाच्या एका खड्यात जे ओळखून बसला, ते अख्ख्या पेठेला कधी कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिठलं टाकलं आणि भाकरी थापायला बसले. सासूबाईंनी विचारलं कुणासाठी, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मयत न्हाय, काय न्हाय, आन पिठलं-भाकरीचं गठुडं घिऊन दुसऱ्याच्या दारात जायाचं? अपशकून हुतोय." मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी मला परातीसमोरून उठवलं आणि स्वतः भाकऱ्या थापल्या.

अण्णा बंगल्याच्या पायरीवर बसले होते. मी फडक्यात बांधलेली भाकरी त्यांच्यापुढं ठेवली. फडकं बघून त्यांना कळलं. मी म्हटलं, अण्णा, लई उशीर झाला. हात धुऊन आले, तिथंच मांडी घातली, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि डोळे मिटून चघळू लागले. मी सवयीनं नंबराची वाट बघत राहिले. घरी सासूबाईही बघत असणार.

नंबर आला नाही. अण्णा खाली मान घालून जेवत राहिले. भाकरी संपली तेव्हा त्यांनी वर न बघताच विचारलं, "आनखी एक हाय काय गं?"

इतक्या वर्षांत अण्णांना कुणाकडं काही मागताना मी पहिल्यांदाच ऐकलं.