उरलेले सात व्होल्ट

आमचे सणसर गावातले शेजारी तात्या विजेचे पार्ट बोटाने पारखतात. चालू रेग्युलेटरवर तर्जनी ठेवायची आणि मोठ्याने दहापर्यंत आकडे म्हणायचे. त्याआधी चटका बसून बोट उचललं, तर पार्ट नापास. बारामतीच्या दुकानदाराने खास त्यांच्यासाठी काउंटरवर बॅटरी जोडून ठेवली आहे. रेशनच्या मशीनवर मात्र तात्यांचा ठसा उमटत नाही. "बोट घासलंय, मानूस त्योच हाय," असं ते मशीनलाच सांगतात.

हा रेग्युलेटर म्हणजे पंख्याचा नव्हे. बॅटरीच्या बारा व्होल्टचे पाच करणारा नखाएवढा पार्ट. तात्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "बारा घेतलं, पाच दिलं, उरलेलं सात कुठं गेलं?" उत्तरही तेच देतात, "उष्णतेत." परवा आमचा पाहुणा म्हणाला, बारा जण निघालो होतो, पाचच पोचलो. उरलेल्या सातांचा हिशेब घेतल्याशिवाय तात्या त्याला सोडायलाच तयार नव्हते.

आमचे आबा अर्धांगवायूनंतर बोलू शकत नाहीत. त्यांच्या उशाशी बटण आणि डाळिंबाच्या बागेत माझ्याजवळ बिनतारी घंटी, असं ठरलं. पाच व्होल्टच्या घंटीला फवारणी पंपाची बारा व्होल्टची बॅटरी. तात्यांनी न तापणारे तीन रेग्युलेटर आणले आणि तिन्ही नाकारले. "थंड हाय, पन बिनतारीत किरकिर करतोय. घंटीला बटनाचं आयकू येत न्हाय. चौथा बघू."

चौथ्यासाठी दहा दिवस गेले. माझा संयम संपला. मी खणातला जुना तीन पायांचा, तापणारा रेग्युलेटर स्वतः जोडला, प्लास्टिकच्या डबीत बंद केला आणि तात्यांना पत्ता लागू दिला नाही. दोन दिवस घंटी झकास वाजली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, हे कळायला तिसरी दुपार लागली.

ऊन रणरणत होतं. घंटी गप्प होती, म्हणून आबा झोपलेत असं समजून मी निवांत ठिबकच्या नळ्या बघत होतो. तेवढ्यात तात्या चौथा पार्ट घेऊन आले. त्यांनी डबी उघडली, बोट ठेवलं.

"एक, दोन..."

बोट उचललं गेलं. डबीत कोंडून पार्ट तापला होता; घंटी गप्प नव्हती, बंद पडली होती. माझ्याकडे एकदा बघून सत्तरीचे तात्या धोतर धरून घराकडे पळत सुटले. मागून मी. तेवढ्या वाटेत माझ्या मनात नको नको ते येऊन गेलं.

आबा फरशीवर पडलेले होते. गाल जमिनीला टेकलेला, पण अंगठा बटण दाबतच होता. किती वेळ, कुणास ठाऊक. तात्यांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. "आबा, आयकलं मी. आयकलं बरं का." मला मान वर करवेना.

डॉक्टर म्हणाले, मुका मारच आहे. संध्याकाळी तात्यांनी चौथा पार्ट बसवला. शेजारी तशीच दुसरी घंटी तयार होती.

"ही कुणाला?"

"माझ्या घरात. तू न्हाय आयकलं तर मी हाय."

आता रोज चारला घंटी वाजते. मी घरी पोचेपर्यंत तात्या बांध ओलांडून, सदऱ्याची बटणं लावत आबांच्या खाटेजवळ बसलेले असतात. परवा मी म्हटलं, "तात्या, कशाला धावता? आबा चुकून दाबत असतील."

तात्यांची बायको, आमच्या काकी, जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचा मुलगा दूर असतो.

"चुकून का व्हईना," तात्या म्हणाले, "कुनीतरी बोलावलं तर खरं."