विथ रेफरन्स टू मन्मथ सर

दुधात पाणी जास्त झालं की आमच्या मुखेडात लोक सरळ गवळ्याशी भांडतात. आमच्या शेजारचे मन्मथ सर मात्र म्हणायचे, "विथ रेफरन्स टू कालचं दूध, मी लई नाराज हाव." गवळी घाबरायचा आणि पुढचे काही दिवस चांगलं दूध घालायचा.

सर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. लग्न केलेलं नव्हतं. "नाम, क्रियापद कुणालाबी येतंय," ते म्हणत. "कशाचा कशाशी संबंध, ते सांगता आलं पाहिजे. खरी इंग्रजी तिथं हाय!" मग पंगतीत वाढप्याला थांबवून, "अ‍ॅज रिगार्ड्स जिलेबी, अजून वाढा."

एकदा स्टँडवर त्यांनी कंडक्टरला विचारलं, "इन कनेक्शन विथ लोहा, गाडी कधी हाय?"

"कनेक्शन कशाला, सर? डायरेक्ट हाय की!"

सर खूश. मला म्हणाले, "बघ, इंग्रजीत उत्तर दिलं गड्यानं."

मी त्यांच्याच ओट्यावर बसून शिकले. आमच्या घरात तोवर दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. मला नांदेडला बँकेत नोकरी लागली, तेव्हा सर पेढे घेऊन गल्लीभर फिरले. "ड्यू टू शारदा," माझं नाव घेऊन एवढंच म्हणायचे आणि हातावर पेढा ठेवायचे. मान अशी ताठ, की बँक त्यांनीच उघडलीय!

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. मी त्यांना नांदेडच्या दवाखान्यात आणलं. तातडीनं ऑपरेशन करायचं ठरलं.

नर्स म्हणाली, "सहीला नातेवाईक लागतात. तुम्ही पेशंटच्या कोण?"

मी घुटमळले. शेजारीण म्हणू? विद्यार्थिनी? सरांकडं पाहिलं. ते छताकडं बघत पडले होते. ओठ हलले, पण इंग्रजी काही बाहेर येईना.

"पोरगी हाय माझी," ते हळूच म्हणाले. "कागदावर ल्ह्या तसं." मग माझ्याकडं न बघताच विचारलं, "चालंल न्हवं गं?"

मी पेन घेतलं आणि सही केली.

ऑपरेशन नीट झालं. वॉर्डातले दोघं-तिघं आधार देऊन त्यांना बसवायचे, पण सरांचं लक्ष दाराकडं. झाडूवाल्या मावशी आल्या, शेजारच्या खाटेवरचे पाहुणे आले, डॉक्टर आले. प्रत्येकाला थांबवून, माझ्याकडं बोट दाखवून, सर सांगत होते, "माझी पोरगी. बँकेत साहेब हाय."