रेटिनॉलचे दोन हात

रविवारच्या सभेत रंगकामाच्या ठेकेदारांना सभासदांच्या गळी दोन गोष्टी उतरवायच्या होत्या. एक, सोसायटीच्या ए विंगच्या भिंतीला सुटलेले पोपडे त्यांच्या चुकीने सुटलेले नाहीत. दोन, त्यांचं वय झालेलं नाही. पहिल्या गोष्टीची त्यांना फारशी काळजी नव्हती. गच्चीवरून ओल उतरते, असं सांगितलं की काम भागतं. रंगकामाच्या धंद्यात ओल ही फार उपयोगी वस्तू आहे. धास्ती होती ती दुसऱ्या गोष्टीची. सोसायटीचे सेक्रेटरी फोनवर सहज बोलल्यासारखं म्हणाले होते, "बी विंगसाठी एका तरुण मुलाला विचारतोय आम्ही. तुम्हालाही आता परांचीवरची दगदग कुठे झेपणार?"

ठेकेदारांना बी विंग हवीच होती. एक विंग आपली आणि शेजारची दुसऱ्याची, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला आयती तुलना. फोन ठेवून ते आरशासमोर उभे राहिले आणि भिंत तपासावी तसा त्यांनी स्वतःचा चेहरा तपासला. कपाळावर भेगा, डोळ्यांखाली पोचे, गालांवर डाग. मूळ बांधकाम पक्कं होतं. वरच्या थराचं काम निघालं होतं.

मुलगी एका सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात काम करायची. त्याच संध्याकाळी तिने आईसाठी पिशवीभर बाटल्या आणल्या.

"हे रेटिनॉल. सुरकुत्यांसाठी. मटाराच्या दाण्याएवढंच घ्यायचं आणि आठवड्यातून दोनच रात्री लावायचं. आधी हे कोरियन क्रीम, मग रेटिनॉल, वरून पुन्हा क्रीम. म्हणजे आग होत नाही. आणि दिवसा सनस्क्रीन विसरायचं नाही."

"असतं काय त्या कोरियन क्रीममध्ये?" ठेकेदारांनी वर्तमानपत्राआडून विचारलं.

"मंडूकपर्णी. आणि या दुसऱ्या बाटलीत गोगलगाईचा चिकटा. चेहरा शांत राहतो त्याने."

"एकात मंडूक, दुसऱ्यात गोगलगाय. तोंड आहे की डबकं?"

"तुम्हाला कुणी लाव म्हणतंय का, बाबा?"

"मी लावणारही नाही," ठेकेदार म्हणाले आणि रेटिनॉलची बाटली कुठल्या फळीवर जाते ते त्यांनी नीट पाहून ठेवलं.

चोरून लावायचं ठरल्यावरही त्यांनी काम धंद्याच्या शिस्तीनेच केलं. पृष्ठभाग घासल्याशिवाय रंग धरत नाही, हे ते रोज कामावरच्या पोरांना ओरडून सांगत. न्हाणीघरात बायकोची टाचा घासायची वजरी होती. त्या वजरीने त्यांनी कपाळ आणि गाल घासून घेतले. कोरियन क्रीम मात्र त्यांनी बाजूला ठेवलं. तेलकट भिंतीवर रंग बसत नाही, मग क्रीमवर रेटिनॉल काय बसणार? मटाराचा दाणा त्यांना हास्यास्पद वाटला. एवढ्याने एक भुवई होईल. त्यांनी तळहातभर घेतलं. पहिला हात रात्री दिला आणि दुसरा सकाळी, कामावर निघण्याआधी. चेहरा चुरचुरला तेव्हा त्यांना बरंच वाटलं. "धरतंय," ते आरशाला म्हणाले.

दिवसभर ते परांचीवर उन्हात उभे होते. रात्री पुन्हा वजरी, पुन्हा तळहातभर. आठवड्याच्या मध्यावर चेहरा लाल झाला. मुकादमाने खालून वर पाहत विचारलं, "शेठ, कुणावर चिडलाय का?" शुक्रवारी लालीच्या जागी दुसरंच काही दिसायला लागलं. कपाळावर, नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि हनुवटीवर बारीक पांढऱ्या चकत्या सुटल्या होत्या. कडा वर आणि मधला भाग चिकटलेला. जगातल्या कुठल्याही माणसाला याला काय म्हणावं ते क्षणभर सुचलं नसतं. ठेकेदारांना लगेच सुचलं.

"पोपडे!" ते ओरडले.

आवाज ऐकून बायको धावत आली. तिने आधी त्यांचं तोंड पाहिलं, मग बेसिनवर पडलेली वजरी पाहिली.

"अहो, टाचेची वजरी तोंडाला?"

"धुऊन घेतली होती."

"तुमच्या तोंडाचं नाही विचारलं. परवापासून मी तीच टाचेला घासतेय!"

मुलगी दुकानातून आली तीच तणतणत. येणाऱ्याजाणाऱ्याला ठेकेदार दोन दिवस सांगत होते की घरातल्या कुठल्याशा क्रीमने तोंड लाल झालं. ही बातमी तिच्याआधी दुकानात पोचली होती.

"दोन बायका बाटल्या परत करून गेल्या आज! म्हणे, तुझ्या बापाचं तोंड लालभडक झालेलं आम्ही पाहिलंय. मॅनेजर मला विचारतात, हा माल तूच खपवतेस ना? बाबा, किती लावलंत?"

"दोन हात."

"दोन्ही हातांनी?"

"दोन्ही हातांनी नाही गं. दोन हात. रात्री एक, सकाळी एक."

"रोज?"

"मध्ये खंड पडला तर जोड दिसतो."

मुलीने डोळे मिटून घेतले. मग तिने वजरी आणि रेटिनॉल जप्त केलं आणि ज्या डबक्याची थट्टा झाली होती तेच बापाच्या तोंडावर जाड थराने थापलं. मंडूकपर्णी खाली, गोगलगाय मध्ये, पुन्हा मंडूकपर्णी वर. आग थांबली तसे ठेकेदार खुर्चीत सैल झाले.

"बरं वाटतंय," त्यांनी कबूल केलं.

"वाटणारच. आता नीट ऐका. उद्यापासून कुणीही विचारलं, हे पोपडे कशाने, तर खरं तेच सांगायचं. माल चांगला आहे, चूक लावणाऱ्याची आहे. म्हणा."

"माल चांगला आहे, चूक लावणाऱ्याची आहे."

"घाई केली, जास्त घासलं, थरावर थर दिले. नाहीतर माझी नोकरी जाईल, बाबा. खरंच जाईल."

मुलीचा आवाज शेवटी बारीक झाला, तेव्हा ठेकेदारांनी ते वाक्य मनावर घेतलं. शनिवारी त्यांनी ते रखवालदाराला ऐकवलं, मुकादमाला ऐकवलं, रंगाच्या दुकानदाराला ऐकवलं. बँकेच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईंना तर न विचारताच ऐकवलं. रविवारपर्यंत वाक्य इतकं घोटून झालं होतं की पोपडा हा शब्द कानावर पडला की ते आपोआप बाहेर येई.

सभा तळमजल्याच्या हॉलमध्ये होती. ठेकेदार पुढच्या खुर्चीवर बसले. चेहरा क्रीमने चकचकत होता आणि त्या चकाकीतून सालं डोकावत होती. तोंड फार उघडलं तर ओठांच्या कडा ताणल्या जात होत्या. सगळे आपल्याकडेच बघताहेत असं त्यांना वाटत होतं, आणि ते खरंही होतं. अध्यक्षबाई दातांच्या डॉक्टर होत्या. समोरच्याच्या तोंडावर नजर रोखून बोलायची त्यांना सवयच होती.

"थेट विचारते," त्या त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या. "हे पोपडे कशाने निघाले?"

ठेकेदार उभे राहिले.

"माल चांगला आहे. चूक लावणाऱ्याची आहे."

सेक्रेटरींनी चष्मा काढला.

"म्हणजे तुमची?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माझीच. दुसऱ्या कुणी हातच लावला नाही. घाई केली. नको तितकं घासलं. पहिला थर मुरायच्या आत दुसरा दिला. त्यावर दिवसभर ऊन."

"ओल नव्हती?" मागून एका काकांनी विचारलं. त्यांना ओलीबद्दलच भांडायचं होतं आणि ते तयारीने आले होते.

"ओल असती तर बरं झालं असतं," ठेकेदार कळवळून म्हणाले. "कोरडं पडलं म्हणूनच सुटलं."

"लावायच्या सूचना असतील ना काही?"

"होत्या ना. मुलीने समजावून सांगितल्या होत्या. मीच ऐकलं नाही. मला वाटलं, इतकी वर्षं हेच करतोय, ही मला काय शिकवणार. पण यातलं सगळं ज्ञान तिचंच आहे."

"मग आता उपाय काय?"

"काही दिवस काहीच लावायचं नाही. शांत होऊ द्यायचं. मग अगदी थोडं थोडं, आणि मुलगी सांगेल तसंच."

सेक्रेटरी अध्यक्षबाईंच्या कानाशी लागले. बाई मान डोलावत उठल्या.

"इतकी वर्षं मी या खुर्चीत आहे," त्या म्हणाल्या. "प्लंबर आला, त्याने पाण्याला दोष दिला. लिफ्टवाला आला, त्याने आमच्या वजनाला दोष दिला. माझीच चूक, असं म्हणणारा ठेकेदार मी आज पहिल्यांदा पाहिला. ए विंगची भिंत हे स्वखर्चाने नव्याने करून देतील असं मी धरते. आणि बी विंग यांनाच द्यावी, असं मला वाटतं."

भिंत! बाई तोंडाबद्दल नव्हे, भिंतीबद्दल विचारत होत्या. खुलासा करायला ठेकेदारांनी घाईने तोंड उघडलं, तर हनुवटीची कातडी अशी काही ताणली गेली की डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पाणी पाहून ओलीवाले काका सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला लागले. टाळ्या थांबेपर्यंत ठेकेदारांना ए विंगच्या भिंतीची ती दुपार आठवली. काम उरकायचं म्हणून दुसरा हात त्यांनी पहिला वाळायच्या आत द्यायला लावला होता. त्यांनी तोंड मिटून घेतलं.

घरी मुलगी दारातच उभी होती.

"विचारलं का कुणी?"

"विचारलं."

"मग माझ्या मालाबद्दल काय म्हणालात?"

"चांगला आहे म्हणालो. सगळ्यांना पटलं. टाळ्या पडल्या."

"टाळ्या?" मुलीचा चेहरा उजळला. "तोंडाला काय लावायचं यावर?"

"बी विंग मिळाली," ठेकेदार चपला काढत म्हणाले. "ए विंग फुकटात नव्याने करायचीय. आणि एक अट घातलीय त्यांनी. दर रविवारी तू येऊन परांचीखाली उभं राहायचं, आणि तू हो म्हटल्याशिवाय आम्ही भिंतीला ब्रश लावायचा नाही."

"मी? बाबा, मला भिंतीतलं काय कळतं?"

"मला तरी तोंडातलं काय कळत होतं?" ठेकेदार म्हणाले आणि क्रीमची डबी शोधायला आत गेले.