इनासदादा मापाला येतात

आमच्याकडे नवा मिक्सर आला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी इनासदादा दारात उभे. आत आले, ओट्याकडे त्यांची नजर गेली आणि त्यांनी झटकन मान वळवली. घरातलं कोणी टॉवेलवर फिरत असावं आणि पाहुण्याने भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घ्यावं, तसे ते कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "वहिनी, हे असं उघडं ठेवलंय?"

बायकोने आधी स्वतःचा पदर सारखा केला. विषय मिक्सरचा आहे, हे तिच्या मागाहून लक्षात आलं.

"झबलं नाही त्याला?"

"कालच तर आणलाय, दादा."

"मग? झबलं जन्मल्यावरच घालतात. कॉलेजात गेल्यावर कोण घालतं?"

एवढं बोलून त्यांनी शर्टाच्या खिशातून टेप काढली आणि खुर्चीत बसले. टेप काढली म्हणजे माप सुरू झालं असं नाही. आधी चहा.

इनासदादा माझे शेजारी. आमची केळीची वाडी आणि त्यांचं कौलारू घर यांच्यामध्ये एक मोडकं कुंपण आहे. माणूस सहा फुटी आणि हात असे की त्यांत पहार शोभावी. प्रत्यक्षात त्या हातांत क्रोशाची बारीकशी सुई असते. आईने लहानपणी शिकवलं आणि ते या गृहस्थांनी सोडलं नाही. आमच्या गावच्या चर्चमध्ये बायकांचं विणकाम मंडळ आहे, त्यात हे एकटे पुरुष. वेदीवरच्या कापडाची झालर दर नाताळला त्यांच्याच हातची असते. आयुष्यभर नोकरी केली ती घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचं रीडिंग घेण्याची. लग्न केलं नाही. आई गेल्यापासून घरात एकटेच.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातल्या यच्चयावत वस्तूंना कपडे घालायचा विडा उचलला. टीव्ही, फ्रीज, गॅसचा सिलिंडर, शिवणयंत्र, पाण्याचा फिल्टर. ते त्याला कव्हर म्हणत नाहीत. झबलं म्हणतात. आणि प्रत्येक झबलं अंगाबरोबर. "माप म्हणजे माप," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्या मापासाठी ते तीनदा येतात. पहिल्यांदा नुसतं माप. अर्धं विणून झालं की अंगावर घालून बघायला. आणि शेवटी, धुतल्यावर दोरा आटतो म्हणून, पुन्हा एकदा. आमच्या मिक्सरचं माप त्यांनी भांड्यासकट घेतलं, भांड्याशिवाय घेतलं आणि मधल्या वेळात माझ्या मेव्हणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची सगळी हकिकत ऐकून घेतली. पैशांचा विषय काढला की ते दोऱ्याच्या रंगाबद्दल बोलायला लागत.

आता थोडं माझ्याबद्दल. मी विमा कंपनीतून निवृत्त झालो आणि माझ्यातला उद्योजक जागा झाला. घरच्यांचं मत, तो झोपला होता तेच बरं होतं. आधी मी केळ्याचे वेफर्स काढले. ते आम्हीच खाल्ले. मग नारळाच्या करवंट्यांचे दिवे केले. त्यांचा उजेड इतपत पडायचा की खोलीत अंधार आहे हे नीट दिसावं. त्यानंतर मी मोबाईलवर उद्योजकतेची भाषणं ऐकायला लागलो आणि माझ्या असं ध्यानात आलं की माझ्यात खोट काहीच नाही, फक्त मी चुकीच्या मालाच्या मागे लागलो होतो. माल कुंपणापलीकडे बसला होता.

वसईच्या मैदानावर लघुउद्योगांचं तीन दिवसांचं प्रदर्शन भरणार होतं. सगळा हाताने केलेला माल. मी स्टॉल बुक केला आणि इनासदादांना सांगायला गेलो. ते दारापुढच्या ओट्यावर नुसते बसून होते, हातात सुई नाही. अलीकडे असंच चाललं होतं. गावात आता झाकायचं काही उरलंच नव्हतं. नवी सून आली की ती म्हणायची, "नको अंकल, ओल्ड फॅशन दिसतं." त्यांना मापाला कोणी बोलावेना, आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

मी मार्केट, ब्रँड, कस्टमर असं बरंच बोललो. त्यांनी एकच विचारलं, "तिथे नवे लोक येतील? आपल्याला न ओळखणारे?"

"हजारोंनी!"

"नालासोपाऱ्याकडचे? त्या बिल्डिंगांमधले?"

"सगळीकडचे."

"मग जाऊया," ते म्हणाले आणि टेप आणायला आत गेले. मी मनात म्हटलं, वा, म्हातारबाबांना धंद्याची नजर आहे. माणसं ओळखण्याच्या बाबतीत मी विमा कंपनीतही फारसा नावाजलेला नव्हतो.

दोन महिने मी फक्त एक गोष्ट विचारत राहिलो. "दादा, माल तयार आहे ना?" आणि ते म्हणायचे, "तयारच आहे." मी निर्धास्त. बॅनर छापून घेतला, त्यात खाली माझं नाव, 'व्यवस्थापकीय संचालक'. मुलाच्या लग्नातला कोट ड्रायक्लीनला टाकला.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी टेम्पो घेऊन त्यांच्या घरी गेलो. पिशव्या भरून ठेवल्या होत्या. त्यांच्या घरात मी इतक्या वर्षांत ओट्यापलीकडे क्वचितच गेलेलो. त्या दिवशी आत गेलो तर टीव्ही उघडा, फ्रीज उघडा, मिक्सरसुद्धा उघडाबोडका. "दादा, तुमच्याच घरात झबलं नाही?" मी म्हटलं. "ब्रँडच्या दृष्टीने हे बरं नाही."

"इथे मापाला कोण येणार?" ते म्हणाले आणि पिशव्या उचलल्या.

स्टॉलवर माल मांडला. काय सुंदर दिसत होता! पांढरी, मोतिया, आकाशी झबली, कडेने बारीक द्राक्षांच्या वेलीची नक्षी. मी कोटाची बटणं लावून उभा राहिलो. एका बाईंनी टीव्हीचं एक झबलं उचललं. "केवढ्याला?"

"ते विकायचं नाही," इनासदादा म्हणाले. "ते मार्गारेटच्या टीव्हीचं आहे."

"बरं, हे?"

"ते नव्या गल्लीतल्या पाटील सरांच्या फ्रीजचं."

माझ्या कोटात मला घाम फुटला. "दादा," मी हळूच म्हटलं, "आपला माल कुठाय?"

"हाच."

"हा लोकांचा आहे!"

"मग? मी केलेलं सगळं लोकांच्याच घरात आहे. परवापासून फिरून गोळा केलं. सोमवारी परत देईन म्हणून सांगितलंय." आणि मला समजावत म्हणाले, "अरे, आधीच कसं विणून ठेवणार? कोणाच्या मापाचं?"

म्हणजे त्या घटकेला आमच्या गावातला प्रत्येक टीव्ही, फ्रीज आणि सिलिंडर उघडा पडला होता आणि मी, व्यवस्थापकीय संचालक, विकायला काहीही नसलेल्या स्टॉलवर कोट घालून उभा होतो. दुपारी मार्गारेटबाई स्वतःच आल्या. आपल्या झबल्याशेजारी उभ्या राहिल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या, "हे माझ्या घरचं. विकायचं नाही. नुसतं बघा." आमच्या स्टॉलवर एवढी उत्तम सेल्सगर्ल पुन्हा झाली नाही.

इनासदादांचा धंदा मात्र जोरात होता, त्यांच्या पद्धतीने. माणूस थांबला की ते विचारायचे, "तुमचा टीव्ही केवढा? घर कुठे? कोण कोण असता? पत्ता सांगा, मी मापाला येतो." पत्ता म्हटल्यावर लोक सावध व्हायचे. एका नालासोपाऱ्याच्या तरुण जोडप्याने तर, "ऑनलाइन भेजो ना अंकल, साइज व्हॉट्सॲपवर टाकतो," असं सांगितलं. "व्हॉट्सॲपवर माप येत नाही," इनासदादा म्हणाले. ते दोघं हसले आणि गेले. असे दोन दिवस गेले. एकानेही घरी बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इनासदादा मान खाली घालून नुसती टेप गुंडाळत बसले होते.

शेजारचा स्टॉल पाचूबंदरच्या हिराबाईचा. जवळ्याची चटणी, बोंबलाचं लोणचं, सगळं घरचं. तिचा माल खपत होता आणि आमची गंमत बघायला तिला भरपूर वेळ होता. "काय ओ मापवाले," ती ओरडायची, "आज तरी कोनाला कापडं घातलीत का?"

तिसऱ्या दिवशी मात्र नशीब उघडलं, असं मला वाटलं. डोक्यावर गॉगल चढवलेला एक तरुण आला. कळंबला समुद्राजवळ त्याची सुट्टीत भाड्याने द्यायची कॉटेजेस. "अंकल, एकदम व्हिंटेज! मला सगळ्या कॉटेजमध्ये पाहिजे. टीव्ही, फ्रीज, किटल्या, एव्हरीथिंग."

मी पुढे सरसावलो. इनासदादांचाही चेहरा उजळला. "येतो की! कधी येऊ मापाला?"

"यायची गरज नाही अंकल, सगळे पीसेस सेम आहेत. एकाचं माप देतो, तेच रिपीट मारा."

"आणि तिथे कोण असतं?"

"गेस्ट. वीकेंडला. बाकी दिवस लॉक."

"म्हणजे घरात कोणी नाही?"

"घर नाही ना अंकल, कॉटेज आहे."

इनासदादांनी टेप खिशात ठेवली. "मग नको," ते म्हणाले.

मी त्या तरुणाच्या मागे मैदानाच्या फाटकापर्यंत गेलो, कोटाच्या बाह्या सावरत. त्याला खूप समजावलं, पण जमलं नाही. परत आलो तो तडकलेलाच. "दादा, वर्षभर पुरेल एवढं काम होतं! स्टॉल लावलात कशाला मग? हजार लोक येऊन गेले, एक जण हो म्हणाला, त्याला तुम्ही घालवलंत!"

ते पाटील सरांचं झबलं घडी करत होते. घडी पुरी करून त्यांनी ते पिशवीत ठेवलं.

"नोकरीत होतो ना अनंता," ते म्हणाले, "तेव्हा मीटर सगळ्यांचे घरात. कोणाचा पडवीत, कोणाचा देव्हाऱ्याच्या बाजूला. दर महिन्याला प्रत्येक घरी जायचो. कोणाचा बाप आजारी, कोणाच्या पोरीचं जमलं, सगळं कळायचं. बसा म्हणायचे, पाणी द्यायचे. मग मीटर बाहेर भिंतीवर गेले. लोकांनी दार उघडायचंच बंद केलं. रिटायर झालो, तर सवयीने एकीकडे गेलो नुसताच. घरातली बाई चांगलीच होती बिचारी. म्हणाली, काय काम काढलंत? आणि काम तर काहीच नव्हतं. मी पाणी पिऊन आलो."

त्यांनी पुढचं झबलं घडीला घेतलं.

"कोणाच्या घरात जायला माणसाला कारण लागतं रे. नाहीतर मला काय, झबल्यांची हौस आहे? मिक्सरला थंडी वाजते का?"

मला फार वाईट वाटलं. तीन-तीनदा घेतलेली ती मापं, आधी चहा, मेव्हणीचा गुडघा, सगळं मला तेव्हा कळलं, आणि इतका वेळ लागला म्हणून स्वतःची लाजही वाटली. सुचेना म्हणून मी बॅनर उतरवायला लागलो. त्यावरचं माझं नाव चांगलं मोठ्या अक्षरांत होतं. ते मी आधी गुंडाळलं.

आजूबाजूला सगळे आवरत होते. हिराबाई आपल्या रिकाम्या बरण्या टोपलीत भरत होती. आमचं बोलणं तिने ऐकलं असणार, कारण मध्ये नुसती एक ताडपत्री होती. ती ताडपत्री बाजूला सारून तिने डोकं आत घातलं.

"ओ मापवाले. आमचे घरी पन टीव्ही हाय. कवापासून उघडाच हाय. खाऱ्या वाऱ्यान पार वाट लागलीय त्याची."

इनासदादा तीन दिवस अखंड बोलत होते. आता त्यांनी आधी खिशातली टेप चाचपली. मग म्हणाले, "कोण कोण असतं घरी?"

"कोन म्हंजे? सासू हाय, दोन सुना, पोरा हायत. नुसती बडबड. कवा पन या. बंदरावर लिलाव उरकला का मी घरीच असते. मापाला कितीसा येळ लागतो?"

इनासदादांनी हातातलं झबलं खाली ठेवलं.

"लागतो हो," ते म्हणाले. "मला जरा वेळ लागतो."

"लागू दे ना," टोपलीला दोरी आवळत हिराबाई म्हणाली. "आमाला काय घाई हाय?"